सोलर फ्लेअरमधले गॅमा किरण नक्की येतात कुठून?

खडूफळा

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. परवा फ्यूजन घेत होतो. गाभ्यात प्रोटॉन एकत्र येऊन हेलियम होतं, त्यात गॅमा सुटतात, ते बाहेर यायला हजारो-लाखो वर्षं ठेचकाळत राहतात आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत त्यांचा साधा उजेड झालेला असतो, हे मी दरवर्षी भलत्या रंगात येऊन सांगतो, पोरांनाही आवडतं. तर शेवटच्या बाकावरची एक मुलगी, एरवी हजेरीलासुद्धा पुटपुटते, ती उठली नि म्हणाली, "सर, मग सोलर फ्लेअरमधून गॅमा किरण येतात म्हणतात ते कुठले? तेपण गाभ्यातलेच का? मग त्यांचा उजेड का नाही झाला?"

मी म्हटलं, छान प्रश्न आहे, उद्या बोलू. (शिक्षक "उद्या बोलू" कधी म्हणतो ते इथल्या शिक्षक मंडळींना सांगायला नको.)

घरी येऊन थोडं वाचलं. फ्लेअरमध्ये (म्हणजे सूर्यावरच्या अचानक उठणाऱ्या मोठ्या भडक्यात) इलेक्ट्रॉन जोरात पळतात, दाट वायूत घुसून ब्रेक लागला की एक्सरे देतात, इथवर डोक्यात शिरलं. पण गॅमाचं श्रेय "एनर्जेटिक आयन"ना (इलेक्ट्रॉन गमावलेल्या सुसाट अणूंना) का देतात तिथे अडलो. कसं ओळखतात की हा गॅमा आयनचा आणि हा इलेक्ट्रॉनचा? फोटॉनवर नाव थोडीच लिहिलेलं असतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा, परवापर्यंत टाकला तर वर्गात लाज राहील.

निवांत_नारायण

गाभ्यातूनच येत असणार हो. फ्लेअर म्हणजे स्फोट, सूर्याला भोक पडतं आणि आतला माल बाहेर येतो. ज्वालामुखीत कसं आतला लाव्हा वर येतो तसं.

शिशाची_वीट

नारायणराव, नाही हो. भोकबिक काही पडत नाही. फ्लेअर हा सगळा सूर्याच्या कातडीवरचा आणि कातडीच्या वरचा मामला आहे. गाभा तिथून पाच-सात लाख किलोमीटर खाली, त्याला वर काय चाललंय याचा पत्तासुद्धा नसतो.

खडूफळा सर, "फोटॉनवर नाव थोडीच लिहिलेलं असतं" असं म्हणालात ना, तर इथे चक्क लिहिलेलं असतं. मी सूर्यवाला नाही, पण उमेदीची बरीच वर्षं न्यूक्लियर लॅबमध्ये घालवलीत, त्यामुळे त्या बाजूने सांगतो.

एमएस्सीला आमच्याकडे अमेरिशियम-बेरिलियमचा न्यूट्रॉन सोर्स होता. अमेरिशियममधून अल्फा (हेलियमचं अणुकेंद्र) निघतो, तो बेरिलियमवर आदळतो, न्यूट्रॉन सुटतो आणि मागे कार्बन-१२ उरतो. हा कार्बन बऱ्याचदा तापलेल्या डोक्याने जन्माला येतो म्हणजे एक्सायटेड असतो, आणि शांत होताना बरोब्बर ४.४४ एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) गॅमा फेकतो. चार पॉइंट तीन नाही, पाच नाही, ४.४४. ही कार्बनच्या अणुकेंद्राची सही. आता गंमत बघा. सोर्सभोवती मेणाच्या जाड विटा रचल्या की स्क्रीनवर २.२२३ एमईव्हीला आणखी एक पीक (आलेखातला टोकदार सुळका) उगवायचा, विटा काढल्या की पार बारीक व्हायचा. आम्ही एकदा मेणाऐवजी पाण्याची बादली ठेवून पाहिली, तरी तोच पीक. कारण मेणात काय आणि पाण्यात काय, हायड्रोजन भरपूर. न्यूट्रॉन हायड्रोजनला धडका देत देत मंदावतो आणि शेवटी एखादा प्रोटॉन त्याला धरून ठेवतो, दोघांचं मिळून ड्युटेरियम होतं आणि बांधणीची जी ऊर्जा उरते ती २.२२३ एमईव्हीचा गॅमा बनून बाहेर पडते. आमचा डिटेक्टर तीन बाय तीन इंची सोडियम आयोडाइडचा, त्यामुळे प्रत्येक मोठ्या पीकच्या डावीकडे ५११ केईव्ही (म्हणजे ०.५११ एमईव्ही) कमी आणि दोनदा ५११ कमी अशी दोन पिल्लंपण दिसायची, पहिल्यांदा बघणारा हमखास त्यांनाच नवीन लाइन (ठरावीक ऊर्जेची सही) समजून वही भरायचा. मीपण भरली होती, सरांनी पान फाडायला लावलं.

हे सगळं कशाला सांगतोय, तर १९७२ च्या ऑगस्टमध्ये ओएसओ-७ उपग्रहावर जवळजवळ असाच, तीन बाय तीन इंची सोडियम आयोडाइडचाच क्रिस्टल होता, न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या एडवर्ड चप यांच्या गटाचा. ४ आणि ७ ऑगस्टला सूर्यावर दणकून फ्लेअर झाले आणि त्या स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन आले त्या आलेखात) त्यांना काय दिसलं? २.२२३. आणि ४.४४. शिवाय ६.१३ जो ऑक्सिजनचा, आणि ०.५११ जो पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जुळा) आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना संपवतात तेव्हाचा. आमच्या मेणाच्या विटांतले दोन्ही पीक सूर्यावर!

इलेक्ट्रॉन कितीही पळवा, ब्रेक लागून जे निघतं ते उतरत जाणारं सलग पसरट स्पेक्ट्रम असतं, त्यात असे टोकदार पीक उभे राहत नाहीत. टोकदार लाइन दिसली की समजायचं, कुणीतरी जड गडी अणुकेंद्राला जाऊन धडकलाय. म्हणजेच प्रोटॉन, अल्फा वगैरे आयन. सर, हेच ते नाव लिहिलेलं.

अवांतर: त्या १९७२ च्या ऑगस्टमध्येच व्हिएतनामच्या समुद्रात अमेरिकेने पेरलेले चुंबकीय सुरुंग सौर वादळामुळे आपोआप फुटले होते. आणि अपोलो १६ एप्रिलमध्ये परत आलेलं, १७ डिसेंबरमध्ये गेलं, मधल्या काळात चंद्रावर कुणी नव्हतं म्हणून बरं.

खडूफळा

वा वीटसाहेब, मानलं! एस्केप पीकवरून (तुमच्या त्या पिल्लांवरून) पान फाडायला लावलं हे वाचून आमचे प्रॅक्टिकलचे दिवस आठवले.

पण एक शंका. तुमच्या लॅबमध्ये न्यूट्रॉन सोर्स होता. सूर्याच्या पृष्ठभागावर मोकळे न्यूट्रॉन कुठून आले? मोकळा न्यूट्रॉन तर पंधराएक मिनिटांत मरतो ना.

सूर्यफूल

सर, मी सांगते. सध्या परदेशात ह्याच विषयाच्या आसपास काम करतेय, मराठीत टंकायची सवय गेलीय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

फ्लेअरची सुरुवात वर करोनात, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात बाहेरच्या वातावरणात होते. चुंबकीय रेषा पिळवटून पिळवटून शेवटी तुटतात नि नव्याने जोडल्या जातात, त्यात जी ऊर्जा सुटते तिचा मोठा वाटा इलेक्ट्रॉन आणि आयन पळवण्यात जातो. करोना इतका विरळ की तिथे धडकायला फारसं काही नाहीच, म्हणून हे आयन चुंबकीय कमानींवरून घसरत खाली येतात आणि क्रोमोस्फिअरच्या (करोनाखालच्या थराच्या) दाट वायूत घुसतात. तिथे त्यांना बसलेले कार्बन, ऑक्सिजन, निऑन, मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह असे सगळे भेटतात. धडक बसली की केंद्रक एक्साइट होतं आणि आपापली लाइन देतं: निऑन १.६३, मॅग्नेशियम १.३७, सिलिकॉन १.७८, लोह ०.८५ एमईव्ही. काही धडकांमध्ये केंद्रक नुसतं थरथरत नाही तर फुटतं, त्यातून न्यूट्रॉन सुटतात. म्हणजे न्यूट्रॉन साठवून ठेवलेले नसतात, तिथल्या तिथे, ताजे तयार होतात.

मग त्यातले निम्मे-अर्धे वर जातात नि निसटतात, उरलेले खाली फोटोस्फिअरमध्ये (आपल्याला दिसणाऱ्या पृष्ठभागात) शिरतात. फोटोस्फिअर म्हणजे वीटकाकांची मेणाची वीटच समजा, हायड्रोजनच हायड्रोजन. तिथे धडका खात खात थंड व्हायला आणि पकडले जायला त्यांना साधारण शंभर सेकंद लागतात. त्यामुळे काय होतं, कार्बनची ४.४४ लाइन फ्लेअरच्या ठोक्याबरोबर चढते-उतरते, कारण ती धडकेच्या क्षणीच सुटते, आणि २.२२३ मात्र मिनिट-दीड मिनिट मागे रेंगाळत येते, ठोका संपला तरी हिचं चालूच. आलेखात दोन्ही एकाखाली एक लावले की हे इतकं सुरेख दिसतं! मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ऑफिसमधल्या सगळ्यांना धरून धरून दाखवलं, त्यांनी ते विसाव्यांदा पाहिलं असणार.

अजून एक पुरावा. फ्लेअर सूर्याच्या कडेला झाला तर २.२२३ एकदम मंद होते, ४.४४ मात्र जवळपास तशीच. कारण २.२२३ खोलवर जन्मते, कडेवरून तिरकं बाहेर यायचं तर तिला खूप जास्त वायू ओलांडावा लागतो. ४.४४ वरच्या थरातली, तिला फारसा फरक पडत नाही. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर ह्यातच आहे बघा. फोटोस्फिअरच्या थोडं खालून येणाऱ्या गॅमाची जर ही गत, तर सात लाख किलोमीटर खालचा गॅमा जसाच्या तसा कसा येईल? फ्लेअरचे गॅमा "उजेड" होत नाहीत कारण त्यांच्या डोक्यावर फारसं काही उरलेलंच नसतं.

ध्रुवमत्स्य

झकास धागा. +१

ह्यात आपला आदित्य-एल१, सूर्य बघणारं इस्रोचं यान, पण आहे की. २ सप्टेंबर २०२३ ला उडाला, ६ जानेवारी २०२४ ला एल१ ह्या सूर्य-पृथ्वीमधल्या बिंदूभोवतीच्या कक्षेत बसला. त्याच्यावर हेलिओस नावाचं यंत्र आहे ते फ्लेअरचे गॅमा बघतं, त्यामुळे ह्या सगळ्या लाइन आता आपल्याच यानातून दिसत असतील. सर, वर्गात हे जरूर सांगा, पोरांची कॉलर ताठ होईल.

सूर्यफूल

ध्रुवमत्स्य, कॉलर ताठ करूच पण वेगळ्या कारणाने :) हेलिओस कठीण एक्सरे बघतं, साधारण १५० केईव्हीपर्यंत. म्हणजे ०.१५ एमईव्ही. आपण बोलतोय त्या लाइन ह्याच्या बऱ्याच वर आहेत. अल्फा कण हेलियमवर आदळून बेरिलियम-७ आणि लिथियम-७ च्या ज्या लाइन येतात त्यासुद्धा ०.४३ आणि ०.४८ एमईव्हीला, आणि ह्या तर खालच्या टोकाच्या. त्यामुळे हेलिओसला इलेक्ट्रॉनची बाजू दिसते, आयनची सही दिसत नाही. वाईट वाटून घेऊ नका, युरोपच्या सोलर ऑर्बिटर यानावरचं स्टिक्स हे एक्सरे यंत्रही १५० लाच थांबतं. वरचं बघायचं तर जाड, जड डिटेक्टर लागतो आणि वजन म्हणजे पैसा.

ध्रुवमत्स्य

चूक मान्य. "हाय एनर्जी" वाचलं की मी थेट गॅमावर उडी मारतो. पण आमच्या पुण्याच्या आयुका संस्थेने बनवलेल्या, आदित्यवरच्याच सूट दुर्बिणीने २२ फेब्रुवारी २०२४ चा एक्स ६.३ (एक्स म्हणजे सगळ्यात जोरदार वर्ग) फ्लेअर अतिनील प्रकाशात टिपलाय, तेवढी तरी कॉलर पुणेकरांना ठेवू द्या.

सूर्यफूल

ती ठेवाच, हक्काची आहे. आणि नुसती कॉलर नाही, कामाची गोष्ट आहे. आयन नि इलेक्ट्रॉन खाली नक्की कुठे आपटले हे सूर्याच्या पृष्ठभागाजवळच्या चित्रात बघायला असेच फोटो लागतात. ह्यावरून मला ह्या विषयातलं सगळ्यात आवडतं कोडं आठवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गॅमाला भिंग नाही. आरसा नाही. ह्या ऊर्जेचा फोटॉन काचेतून काय नि आरशातून काय, सरळ आरपार जातो नाहीतर तिथेच मरतो. मग फोटो काढायचा कसा? नासाच्या रेसी उपग्रहाने (५ फेब्रुवारी २००२ ला उडाला, नावातलं पहिलं अक्षर आर हे रूवेन रामाती ह्यांचं, ह्या लाइनचं गणित मांडणाऱ्यांतले मोठे शास्त्रज्ञ, उड्डाणाच्या आदल्या वर्षीच गेले) वेगळीच युक्ती केली. डिटेक्टरच्या पुढे दीड मीटर अंतर ठेवून एकापुढे एक दोन जाळ्या आणि अख्खं यान स्वतःभोवती फिरतं ठेवायचं, चार सेकंदांना एक फेरी. दोन गजांच्या खिडक्या एकामागे एक आहेत आणि तुम्ही चालत चालत पलीकडचा दिवा बघताय, तर दिवा कसा दिसतो-झाकतो-दिसतो-झाकतो, तसा सिग्नल लुकलुकतो. त्या लुकलुकण्यावरून दिवा कुठे आहे ते गणिताने मागे जाऊन काढायचं. अशा जाळ्यांच्या नऊ जोड्या आणि मागे नऊ जर्मेनियम डिटेक्टर.

२३ जुलै २००२ ला एक्स ४.८ फ्लेअर झाला आणि इतिहासात पहिल्यांदा २.२२३ लाइनमध्ये फ्लेअरचं चित्र निघालं. सगळ्यांना वाटलं होतं, इलेक्ट्रॉन आणि आयन एकाच स्फोटात पळवले जातात, एकाच कमानीवरून खाली येतात, तर दोघांचे ठिपके एकाच जागी पडतील. नाही पडले! २.२२३ चा ठिपका इलेक्ट्रॉनच्या एक्सरेच्या ठिपक्यांपासून सुमारे २० आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) बाजूला. सूर्यावर ते अंतर साधारण १५,००० किलोमीटर होतं, अख्खी पृथ्वी मधे ठेवली तरी जागा उरेल. आणि त्या जागी एक्सरेत विशेष काही घडतही नव्हतं. मग २८ ऑक्टोबर २००३ च्या राक्षसी फ्लेअरमध्ये दोन ठिपके मिळाले, कमानीच्या दोन पायांसारखे, पण तेही इलेक्ट्रॉनच्या पायांपासून सरकलेलेच.

कुणी म्हणतं आयन लांब कमानींमध्ये जास्त पळवले जातात आणि इलेक्ट्रॉन आखूड कमानींमध्ये. मला हे पटतं, पण शप्पथ घेऊन नाही. एवढ्या मोजक्या फ्लेअरची चित्रं आहेत की कुठलाही सिद्धांत जोरात मांडायला लाज वाटते. रेसी २०१८ मध्ये बंद केला, २०२३ च्या एप्रिलमध्ये खाली पडून वातावरणात जळाला, आणि गॅमा लाइनमध्ये असे फोटो काढणारा त्याचा वारस मी अजून पाहिलेला नाही. ह्यावर मी दर कॉन्फरन्सला रडते.

निवांत_नारायण

माझा ज्वालामुखी मागे घेतो. पण ताई, मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की आज रात्री सौर गॅमा किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाइल उशाशी ठेवू नका, ते काय?

शिशाची_वीट

नारायणराव, एक तर रात्री सूर्य पृथ्वीच्या पलीकडे असतो :) आणि दुसरं म्हणजे आपल्या डोक्यावरचं वातावरण गॅमाच्या दृष्टीने कित्येक फूट पाण्याइतकं जाड आहे. म्हणून तर हे सगळे डिटेक्टर उपग्रहावर चढवावे लागतात, गच्चीवर ठेवून भागलं असतं तर आम्ही तेव्हाच बादलीशेजारी ठेवला असता. मोबाइल उशाशी ठेवू नका, पण झोप नीट लागावी म्हणून.

खडूफळा

आज वर्गात सांगितलं मंडळी. बेल झाली तरी पोरं उठली नाहीत, दोन खिडक्यांच्या गजांचं तर वर्गातच करून दाखवलं, एकाला मोबाइलचा टॉर्च घेऊन कॉरिडॉरमध्ये उभं केलं.

पण ती मुलगी काही सोडत नाही. आज दोन प्रश्न. एक, फ्लेअर संपला की गॅमापण लगेच संपतात का? दोन, न्यूट्रॉन पकडून ड्युटेरियम होतं तर मग सूर्यावर ड्युटेरियम साठत असेल ना, किती साठतं? मी परत "उद्या बोलू".

सूर्यफूल

तिला माझ्याकडे पीएचडीला पाठवा.

पहिल्याचं उत्तर: लाइन संपतात, पण फार वरच्या ऊर्जेचे गॅमा कधीकधी संपत नाहीत. प्रोटॉनची ऊर्जा ३०० एमईव्हीच्या आसपास वर गेली की धडकेत पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात, न्यूट्रल पायॉन लगेच फुटून दोन गॅमा देतो, हे टोकदार लाइनसारखे नाहीत, ६७ एमईव्हीच्या आसपास कुबड असलेला रुंद डोंगर. फर्मी ह्या अवकाशातल्या गॅमा दुर्बिणीने ७ मार्च २०१२ च्या फ्लेअरनंतर १०० एमईव्हीच्या वरचे गॅमा जवळजवळ २० तास पाहिले. एक्सरेचा दणका कधीच शांत झालेला आणि हे चालूच. १ सप्टेंबर २०१४ ला तर कहर, फ्लेअर झाला सूर्याच्या पलीकडच्या बाजूला, आपल्याला दिसतही नव्हता, आणि गॅमा आले अलीकडच्या बाजूने. म्हणजे प्रोटॉन फ्लेअरच्या जागेपासून दूरवर पसरून पडत होते. बरेच जण म्हणतात की फ्लेअरबरोबर बाहेर फेकल्या गेलेल्या वायूच्या ढगाच्या पुढचा शॉक (धक्कालाट) त्यांना पळवतो आणि त्यातले काही चुंबकीय रेषांवरून परत सूर्यावर येऊन पडतात, काही जण म्हणतात की मोठ्या कमानींमध्ये अडकून हळूहळू गळतात. भांडण चालू आहे, मी बघ्यांमध्ये.

शिशाची_वीट

दुसरं मी घेतो, पाकिटाच्या मागे करता येण्यासारखं आहे, पोरांकडूनच करून घ्या.

४ ऑगस्ट १९७२ ला पृथ्वीजवळ २.२२३ चे फोटॉन दर चौरस सेंटीमीटरला सेकंदाला साधारण ०.२८ येत होते. सूर्य १.५ गुणिले १० चा १३ वा घात सेंटीमीटर लांब. फोटॉन सगळीकडे सारखे फेकले जातात असं धरून तेवढ्या त्रिज्येच्या गोलाच्या क्षेत्रफळाने गुणा, सेकंदाला ८ गुणिले १० चा २६ वा घात एवढे येतात. एक फोटॉन म्हणजे एक ड्युटेरियम. त्याचं वजन ३.३४ गुणिले १० चा उणे २७ वा घात किलो. गुणाकार करा: सेकंदाला साधारण अडीच-पावणेतीन किलो. अख्ख्या सूर्यावर सगळ्या धुमश्चक्रीत वाण्याकडच्या एका पिशवीएवढं! मी पहिल्यांदा केलं तेव्हा शून्य चुकलं असेल म्हणून तीनदा केलं होतं.

सूर्यफूल

वीटकाका, गणित बरोबर, पण ड्युटेरियमचा हिशोब झाला, न्यूट्रॉनचा नाही. फोटोस्फिअरमधलं हेलियम-३ पण न्यूट्रॉन गिळतं आणि गिळताना गॅमा देत नाही, ढेकरसुद्धा नाही. हेलियमच्या हजारो अणूंमागे एखादंच असतं ते, पण त्याची न्यूट्रॉनची भूक प्रोटॉनच्या हजारो पट. त्यामुळे २.२२३ लाइन किती लवकर विझते त्यावरून उलट गणित करून फोटोस्फिअरमध्ये हेलियम-३ किती ते काढतात, दुसऱ्या मार्गाने ते बघणं फार अवघड.

आणि सर, तिला सांगा की साठत नाही. ते अडीच किलो वायूच्या उकळीबरोबर खाली ओढलं जातं, उकळत्या थराचा तळ वीस लाख अंशांच्या आसपास, आणि ड्युटेरियम दहा लाखांनाच जळून हेलियम-३ होतं.

खडूफळा

म्हणजे जळून परत न्यूट्रॉन गिळणारंच तयार होतं! उद्या नाही, आत्ताच तिच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकतो.